एसएमपीएस (स्विचिंग पॉवर सप्लाय) दुरुस्तीसाठी 20 मेगाहर्ट्झच्या जुन्या सीआरओऐवजी (अ‍ॅनालॉग ऑसिलोस्कोप) कोणता डिजिटल स्कोप (डीएसओ) घ्यावा? जुना हॅमेग 203 विकून टाकू का?

तुमच्या कामासाठी चार चॅनेलचा, 70 ते 100 मेगाहर्ट्झचा आणि किमान 10 मिलियन पॉइंट मेमरीचा डीएसओ बघा. माझी पहिली पसंती सिग्लेंटच्या एसडीएस 804 एक्स एचडीला. हात आखडता घ्यावा लागला तर त्यांचाच एसडीएस 1104 एक्स-ई. जुना हॅमेग मात्र विकू नका.

सीआरओची सवय असलेला माणूस आधी मेगाहर्ट्झ विचारतो. दुरुस्तीच्या कामात मी मेमरी आधी विचारेन. सीआरओचा टाइमबेस कितीही हळू केला तरी बीम सिग्नलमागे सतत धावतच असतो. डीएसओ ठरावीक पॉइंटच साठवू शकतो, त्यामुळे जास्त वेळाचं पकडायचं झालं की त्याला सॅम्पलिंग रेट (सेकंदाला घेतलेले पॉइंट) खाली आणावा लागतो. खोक्यावर छापलेलं '1 गिगासॅम्पल' तेव्हा कामाचं राहत नाही.

समजा, 65 किलोहर्ट्झवर चालणारा अडॅप्टर सुरू होतो आणि लगेच बंद पडतो. सुरुवातीचे 200 मिलिसेकंद तुम्हाला सिंगल शॉटमध्ये, म्हणजे एकाच वेळच्या नोंदीत, पकडायचेत. 40 हजार पॉइंटच्या स्वस्त स्कोपवर दोन पॉइंटमध्ये 5 मायक्रोसेकंदांचं अंतर पडतं. स्विचिंगची एक सायकल साधारण 15 मायक्रोसेकंदांची, म्हणजे सायकलमागे जेमतेम तीन पॉइंट. झूम केलं तर हाती काही लागत नाही. टाइमबेस आणखी हळू केला तर एलियासिंगमुळे, म्हणजे पॉइंट फार विरळ पडल्यामुळे, मुळात नसलेली संथ, सुबक वेव्ह दिसते, आणि ती खरी वाटते. हेच 10 मिलियन पॉइंटमध्ये पकडलं तर अंतर 20 नॅनोसेकंद. मग बंद पडण्याआधीच्या शेवटच्या पल्सपर्यंत झूम करून कंट्रोलरची व्हीसीसी (त्याचा स्वतःचा सप्लाय व्होल्टेज) आधी खचली की करंट सेन्सने (जादा करंट ओळखून बंद करणाऱ्या भागाने) आधी झडप घातली, हे डोळ्यांनी बघता येतं. यासाठीच चार चॅनेल हवेत. फक्त चॅनेल वाढवले की सॅम्पलिंग आणि मेमरी त्यांच्यात वाटली जाते, तेव्हा डेटाशीटमध्ये सगळे चॅनेल चालू असतानाचे आकडे बघा.

बँडविड्थबद्दल एवढंच: स्कोपला दिसू शकणारी सगळ्यात वेगवान चढण, म्हणजे राइज टाइम, ही 0.35 भागिले बँडविड्थ (स्कोपचे मेगाहर्ट्झ) इतकी असते. तुमच्या हॅमेगचा 17.5 नॅनोसेकंद, 100 मेगाहर्ट्झच्या स्कोपचा 3.5. गेट ड्राइव्हसाठी, म्हणजे स्विचिंग ट्रान्झिस्टरला चालू-बंद करणाऱ्या पल्ससाठी, तेवढं पुरतं.

804 एक्स एचडी 12 बिटचा आहे, 1104 एक्स-ई 8 बिटचा. 5 व्होल्ट प्रति डिव्हिजनवर आठ घरं, म्हणजे 40 व्होल्ट. 8 बिटमध्ये त्याची एक पायरी 156 मिलिव्होल्टची, 12 बिटमध्ये सुमारे 10 मिलिव्होल्टची. नवीन स्कोपवर रेघ जाड दिसली म्हणून घाबरू नका, 20 मेगाहर्ट्झची बँडविड्थ लिमिट लावून बघा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. प्रोबची ग्राउंड क्लिप स्कोपच्या अर्थिंग पिनला जोडलेली असते. 230 व्होल्टवर थेट चालणाऱ्या सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरच्या मायनसला, म्हणजे हॉट ग्राउंडला ती लावली की ब्रिजमधून अर्थला शॉर्ट झालाच. सप्लायसोबत सिरीजमध्ये बल्ब लावला म्हणजे आयसोलेशन झालं असं नाही. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर सप्लायला लावा, स्कोपला नाही, आणि स्कोपची अर्थिंग पिन कापण्याचा सल्ला कुणीही दिला तरी ऐकू नका. पिन कापली की स्कोपच्या बीएनसी सॉकेटवरच (प्रोब जोडायच्या जागी) 325 व्होल्ट येऊन बसतात आणि तुमचा हात तिथेच असतो. शिवाय सगळ्या चॅनेलचे ग्राउंड आतून एकच असतात, त्यामुळे एक क्लिप हॉटला आणि दुसरी कोल्डला (मेन्सपासून वेगळ्या असलेल्या आउटपुट बाजूला) लावायची नाही. दोन्ही बाजू एकत्र बघायच्या असतील तर डिफरन्शियल प्रोब (ग्राउंड क्लिप न लावता दोन बिंदूंमधला फरक मोजणारा) घ्या. मिकसिगचा डीपी 10013 हा 100 मेगाहर्ट्झचा, 1300 व्होल्टपर्यंतचा आहे. बजेट ओढाताणीचं असेल तर 1104 एक्स-ई घ्या आणि उरलेले पैसे या प्रोबमध्ये घाला, असं मी ठामपणे म्हणेन.

हॅमेग ठेवायचा तो त्याच्या कंपोनंट टेस्टरसाठी. बोर्डवरचा डायोड किंवा ट्रान्झिस्टर बंद सप्लायवर तपासायची ती सोय या डीएसओत नाही.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला घ्या किंवा ऑनलाइन, पण जीएसटी बिल आणि भारतातल्या अधिकृत वितरकाची वॉरंटी घ्या. जमलं तर एखादा बिघडलेला अडॅप्टर सोबत न्या, आउटपुटवर प्रोब लावून सिंगल शॉट घ्यायला लावा आणि किती आतपर्यंत झूम होतं ते तिथेच बघा.