विश्वाचा विस्तार, प्रसार की प्रसरण?

कोल्हापुरातल्या एका शिक्षिकांचा प्रश्न आहे. शाळेच्या वादविवादाला ‘विश्वाला आरंभ होता’ असा विषय दिलाय. भाषणांत कुणी ‘विश्वाचा विस्तार’ लिहितं, कुणी ‘प्रसार’, कुणी ‘प्रसरण’. बरोबर काय? शिवाय ‘महास्फोट’ हा शब्द चुकीचा आहे, असं एका पालकांचं म्हणणं आहे, ते खरं का?

‘प्रसार’ आधी बाजूला काढू. प्रसार शिक्षणाचा होतो, साथीचा होतो. तो कशात तरी, कुठे तरी व्हावा लागतो. विश्वाबाहेर ते ‘कुठे तरी’ आणायचं कुठून?

‘विस्तार’ व्याकरणाने चूक नाही, पण दुटप्पी आहे. ‘रंकाळ्याचा विस्तार मोठा’ म्हटलं की तळं वाढतंय असं कुणी समजत नाही, त्याचा आवाका कळतो. ‘मंत्रिमंडळाचा विस्तार’ म्हटलं की मात्र भर पडते. ‘विश्वाचा विस्तार अफाट आहे’ आणि ‘विश्वाचा विस्तार होत आहे’ ही दोन वेगळी विधानं आहेत, आणि भाषणाच्या भरात मुलं एकावरून दुसऱ्यावर घसरतात. वर आपल्याकडे विस्तार म्हटलं की हद्दवाढच डोळ्यापुढे येते: हद्द पुढे सरकणार, शेजारची गावं आत येणार. विश्वाचं तसं नाही. सरकायला हद्दच नाही, दीर्घिकांमधलं, म्हणजे ताऱ्यांच्या प्रचंड समूहांमधलं, अंतर तेवढं वाढतंय. म्हणून ‘प्रसरण’. उष्णतेने धातू प्रसरण पावतो हे मुलांनी वाचलेलं असतंच, शब्द ओळखीचा आहे.

आता महास्फोट. त्याचं मूळ इंग्रजी ‘बिग बँग’ हे नाव खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांनी 1949 साली बीबीसीच्या रेडिओ भाषणात वापरलं. गंमत म्हणजे विश्वाला आरंभ होता असं सांगणारा तो सिद्धांत त्यांना स्वतःला मान्य नव्हता. त्यांनी हिणवण्यासाठी तसं म्हटलं, असं सांगतात. त्यांनी स्वतः ते नाकारलं. ‘बँग’मध्ये आवाज आहे, धडाम आहे. ‘स्फोट’ मात्र ‘स्फुट्’ धातूचा, म्हणजे फुटणं, उमलणं. आपलं ‘फुटणं’ त्याच कुळातलं: पालवी फुटते, कोंब फुटतो, तांबडं फुटतं. ‘गौप्यस्फोटा’त तरी कुठे बार उडतो? म्हणजे आपला शब्द मूळ इंग्रजीपेक्षा सभ्य आहे. हल्ली बातम्यांत स्फोट म्हणजे सिलिंडर आणि बॉम्ब एवढंच उरलं, त्याला शब्द काय करणार! पालकांची शंका रास्त आहे, कारण रिकाम्या जागेत मध्येच काहीतरी फुटलं हे चित्र खरोखर चूक आहे. पण रुळलेला शब्द बदलू नये असं मला वाटतं. हा तसा स्फोट नव्हे, एवढं एक वाक्य जास्त बोलावं.

खरा घोटाळा तिसराच आहे, आणि वादविवादात तो महागात पडेल. मुलं ‘प्रसरण’ आणि ‘उत्पत्ती’ एकच धरतात. 1929 साली खगोलशास्त्रज्ञ हबल यांनी दाखवलं की दीर्घिका जितकी दूर, तितकी ती वेगाने दूर जाते. 1927 साली लमेत्र यांनी तसं गणित मांडलेलं होतंच. पण प्रसरण मान्य करूनही आरंभ नाकारता येतो. हॉईल, बाँडी आणि गोल्ड यांनी 1948 साली नेमकं तेच केलं: विश्व प्रसरतंय, पण नवं द्रव्य निर्माण होत राहतं, म्हणून घनता तीच राहते आणि आरंभाची गरज पडत नाही. हाच स्थिर स्थिती सिद्धांत. नावातल्या ‘स्थिर’ने फसू नका, स्थिर आहे ते विश्वाचं एकंदर रूप. हॉईल यांच्यासोबत काम केलेले जयंत नारळीकर जन्माने कोल्हापूरचेच, 1938 सालचे, आणि महास्फोटाला पर्याय शोधणं त्यांनी पुढेही सोडलं नाही. विरोधी बाजूच्या मुलांना हा वकील घरचाच मिळाला म्हणायचा. मात्र 1965 साली जाहीर झालेलं सूक्ष्मलहरींचं पार्श्वप्रारण, म्हणजे आकाशाच्या सगळ्या दिशांनी येणारं मंद प्रारण, बहुतेक शास्त्रज्ञांनी महास्फोटाच्या बाजूचा पुरावा मानलं, हेही त्यांनी तयारीत ठेवावं.

जाता जाता, ‘प्रसरणशील विश्व’ टाळा. ‘शील’ स्वभाव सांगतं. रबर न ताणताही प्रसरणशीलच असतं. विश्व प्रत्यक्ष प्रसरतंय, आणि 1998 पासूनच्या निरीक्षणांनुसार वाढत्या वेगाने. तेव्हा ‘प्रसरण पावणारं विश्व’ लिहा, किंवा सरळ ‘प्रसरतं विश्व’.