घरोटावरची कवयित्री

प्रिय सोन्या,

काल रात्री तू विचारलंस, "आई, बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, मग त्या कवयित्री कशा?" मी ड्यूटीवरून आलेली, डोळे उघडे राहत नव्हते. "उद्या सांगते" म्हटलं आणि झोपले. तुला शाळेत सोमवारी दोन पानं द्यायची आहेत, म्हणून हे लिहून फ्रिजवर लावून चाललेय.

बहिणाबाई चौधरी 1880 साली जळगावजवळच्या असोदे गावी जन्मल्या. तेराव्या वर्षी लग्न होऊन जळगावात आल्या. (तेरा! तुझ्यापेक्षा दोनच वर्षांनी मोठ्या.) शेतकऱ्याचं मोठं घर, पुढे नवरा लवकर गेला, मुलं लहान. शाळेचं तोंड त्यांनी कधी पाहिलं नाही.

पण गाण्याला शाळा लागत नाही, जातं लागतं. आमच्या खानदेशात त्याला घरोट म्हणतात. दगडाच्या दोन जाड चकत्या, वरच्या दगडाला लाकडी खुंटा. पहाटे अंधारात बसायचं, एका हाताने खुंटा ओढत राहायचं, दुसऱ्या हाताने मधल्या भोकात मूठमूठ दाणे टाकायचे. लहानपणी मी माझ्या आजीसमोर बसून तो खुंटा धरलाय. पाच-सहा फेऱ्यांतच मला धाप लागली, आजी मात्र दळतही होती आणि गातही होती. दगडाची घरघर हाच ठेका, म्हणून ओवीची ओळ हाताच्या फेऱ्यावर बसते. अशा ओव्या घरोघरी होत्या. बहिणाबाई त्यातच वाढल्या आणि मग स्वतःच्या जोडायला लागल्या, त्याही आपल्या घरच्या बोलीत. त्यांनी तर जात्याचीच थट्टा केलीय: ज्याच्यातून पीठ येतं, त्याला 'जातं' कसं म्हणायचं?

तू विचारशील, त्यांना सुचायचं कुठून? अगं, समोर जे असेल त्यातून. चुलीवर तवा तापलाय, हाताला चटका बसतो आणि मग भाकरी मिळते. त्यांना त्यात अख्खा संसार दिसला. उभ्या पिकात शिरलेलं ढोर कितीही हाकललं तरी परत येतं, तसं त्यांना मन वाटलं. आखाजी, पोळा, पेरणी, कापणी, काही सुटलं नाही. मला विचारशील तर त्यांची ढोराची उपमा सगळ्यांत भारी. अभ्यासाला बसलीस की तुझं मन कुठे कुठे चरून येतं, ते मी रोज बघते.

त्या काम करता करता म्हणायच्या. त्यांचा मुलगा सोपानदेव, जो पुढे स्वतः कवी झाला, आणि नात्यातला एक जण ते ऐकून उतरवून घ्यायचे. जे उतरवलं तेवढंच राहिलं. बाकीचं पिठाबरोबर गेलं म्हणायचं. 1951 मध्ये बहिणाबाई वारल्या. मग सोपानदेवांनी ती गाणी आचार्य अत्र्यांना दाखवली, अत्रे ऐकून थक्क झाले आणि 1952 मध्ये पुस्तक निघालं. स्वतःचं पुस्तक त्यांनी पाहिलंच नाही. 2018 पासून जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. पाटीसुद्धा न गिरवलेल्या बाईचं!

रविवारी फोनवर आजीला सुगरणीचं गाणं म्हणायला सांग. त्यात एवढ्याशा चोचीने खोपा विणणाऱ्या पाखराचं कौतुक आहे, आणि तुला तर देवाने दोन हात, दहा बोटं दिलीत, असं माणसाला सुनावलंय. आजीला ते तोंडपाठ आहे. फक्त एक कर: तो खोपा खरं तर नर विणतो, हे तुझ्या दोन पानांत खुशाल लिही, पण आजीला सांगू नकोस. तिला ते पटायचं नाही, आणि फोन तासभर चालेल.

डब्यात पोळीभाजी आहे. गरम करून खा.

तुझी,
आई