देवदार नव्हे, गंधसरू

केनियातल्या डोंगराळ जंगलांवरच्या लेखाचा अनुवाद करणाऱ्या एका वाचक ताईंनी विचारलंय: ‘आफ्रिकन पेन्सिल सीडर’ या मोठ्या झाडाला ‘आफ्रिकी देवदार’ म्हटलं तर चालेल का?

मी तरी म्हणणार नाही. देवदार हिमालयातला, पाइनच्या कुळातला. हे झाड निघालं ज्युनिपर, म्हणजे सरूच्या (सायप्रसच्या) कुळातलं. ज्युनिपर म्हटलं की खुरटं झुडूप डोळ्यांपुढे येतं, पण हा गडी ४० मीटरपर्यंत वाढतो. ‘जुनिपेरस प्रोसेरा’ या नावातल्या ‘प्रोसेरा’चा लॅटिन अर्थच मुळी उंच. सीडर हे नाव खरं तर देवदाराच्या जातभाईंचं, पण त्याचा घोळ फार जुना आहे. ग्रीक लोक ज्युनिपरलाही ‘केद्रोस’ म्हणत. जुन्या पेन्सिलींना टोक काढताना यायचा तो गोडसर वास ज्युनिपरच्या लाकडाचा. (आपल्या आताच्या पेन्सिली बहुतेक काश्मिरी पॉप्लरच्या, नुसताच भुसा पडतो.)

मराठी बायबलात लेबनॉनच्या सीडरला ‘गंधसरू’ म्हटलंय. शब्द सुरेख, पण ते झाडही पाइनच्याच कुळातलं, सरू नव्हेच. गंमत अशी, की तिथे चुकलेला हा शब्द आफ्रिकेतल्या या झाडाला चपखल बसतो. कुळ सरूचं आणि लाकडाला गंध! तेव्हा ‘आफ्रिकी गंधसरू’ लिहा, आणि लेख केनियाचा आहे तर पहिल्या उल्लेखात किकुयू लोकांचं ‘मुतारक्वा’ हे नावही द्या.

इथियोपियातली नावं तर आपल्या ओळखीचीच निघतात. अम्हारिक भाषेत हे झाड ‘तिद’. पुढे मेक्सिकोकडचा सरू तिथे लावला गेला, तेव्हा दोघांत फरक करायला त्याला ‘येफेरेंज तिद’ म्हणू लागले आणि मूळच्याला ‘येहबेशा तिद’. ‘ये’ म्हणजे ‘चा’. फेरेंज म्हणजे आपला फिरंगी, आणि हबेशा (म्हणजे तिथले लोक) ज्या शब्दातून आला त्याच घराण्यातला आपला हबशी. जंजिऱ्याच्या मुलखाला हबसाण म्हणत ते त्यावरूनच. म्हणून ‘हबशी सरू’ सुचवायचा मोह होतो, पण आज हबशी हा शब्द हिणवण्यासाठी वापरला जातो, तेव्हा नकोच.

एक मात्र सांभाळा. पुढे नाव आखूड करताना ‘सुरू’ लिहू नका. कोकणातल्या वाचकाला लगेच किनाऱ्यावरचं सुरूचं बन दिसेल, आणि ते झाड तर सरूही नाही.