गुडघे, कंबर आणि ठिसूळ हाडं : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

सांधे आणि हाडांच्या दुखण्यांवर आलेल्या पत्रांतले सहा प्रश्न या अंकात घेतले आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. औषधांचे डोस समजून घेण्यासाठी दिले आहेत. औषध सुरू किंवा बंद करायचं ते आपल्या डॉक्टरांशी बोलूनच.

प्रश्न : आमच्या ग्रामपंचायतीला आरोग्य शिबिर घ्यायचं आहे. शुगर, बीपी आणि डोळे ठरले. मी सांधेदुखीचा विषय काढला, तर बाकीचे सदस्य म्हणाले, 'त्यानं कुणी मरत नाही.' हा खरंच सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे का? (ग्रामपंचायत सदस्य, सोलापूर जिल्हा)

उत्तर : आहे. फक्त मृत्यूंच्या नोंदीत शोधलात तर तो सापडणार नाही. माणूस किती वर्षं अधू होऊन जगतो हे मोजलं, की जगभरात कंबरदुखी पहिल्या क्रमांकावर येते. २०२० साली ती ६१.९ कोटी लोकांना होती आणि २०५० पर्यंत हा आकडा ८४.३ कोटींवर जाईल असा अंदाज आहे. सांध्यांची झीज झालेले लोक त्याच वर्षी ५९.५ कोटी होते. जवळचं उदाहरण पुणे जिल्ह्यातल्या भिगवणचं. तिथे १९९६ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या 'कॉपकॉर्ड' पद्धतीनं घरोघर पाहणी सुरू झाली. ४,०९२ प्रौढांपैकी ७४६ जणांना, म्हणजे १८.२ टक्के लोकांना सांधे-स्नायूंचं दुखणं होतं. पाचांत जवळजवळ एक, आणि तेही कष्टाची सवय असलेल्या गावात.

तुमच्या सहकाऱ्यांना आणखी एक गोष्ट सांगा. ज्या शुगर-बीपीसाठी शिबिर घेताय, त्या रुग्णांना आपण 'रोज अर्धा तास चाला' म्हणतो. गुडघा दुखतो म्हणून बाई चालत नाही, वजन वाढतं, शुगर वाढते. दुखणं थांबवायला ती मेडिकलमधून वेदनाशामक गोळ्या आणून महिनोन्‌महिने घेते, त्यानं बीपी चढतं आणि मूत्रपिंडाला इजा होते. म्हणजे गुडघा सोडून दिला, तर शुगर-बीपीचं कामही अर्धंच राहतं.

शिबिरात महागडं यंत्र लागत नाही. हात नसलेली, साधारण ४३ सेंमी उंचीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हात छातीवर घडी घालून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजा. ६० ते ६४ वयाच्या बाईला १२ पेक्षा कमी आणि पुरुषाला १४ पेक्षा कमी जमलं, तर पायांची ताकद घटलेली आहे आणि पडण्याचा धोका आहे. सत्तरीच्या सुरुवातीला हेच आकडे १० आणि १२ धरा. हे मापदंड अमेरिकेतले आहेत, पण कुणाकडे आधी लक्ष द्यायचं हे ठरवायला पुरतात. शेजारी एक माणूस उभा हवाच. मग तीन प्रश्न विचारा. पन्नाशीनंतर साध्या पडण्यानं हाड मोडलं का? तरुणपणापेक्षा उंची ४ सेंमीहून जास्त घटली का? सकाळी सांधे अर्ध्या तासाहून जास्त आखडलेले राहतात का? 'हो' म्हणणाऱ्यांची यादी प्राथमिक आरोग्य केंद्राला द्या. राष्ट्रीय वृद्ध आरोग्यसेवा कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयांत फिजिओथेरपीची तरतूद आहे. ती मागणारे लोक आले पाहिजेत.

प्रश्न : सासूबाई ५८ वर्षांच्या, वजन ७६ किलो. दोन्ही गुडघे दुखतात, जिना उतरताना जास्त. 'वंगण संपलंय, इंजेक्शन घ्या, नाहीतर वाटी बदला' असं सांगितलंय. व्यायामानं गुडघे आणखी झिजतील अशी त्यांना भीती वाटते. (नाशिक)

उत्तर : भीती उलटी आहे. मांडीच्या पुढचा स्नायू दुबळा झाला की पावलाचा भार थेट सांध्यावर येतो. न वापरलेला गुडघा जास्त लवकर निकामी होतो.

व्यायाम पलंगावर करता येतो. उताणं झोपून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि गुडघ्यानं ती खाली दाबून ५ सेकंद धरायची. असं १० वेळा, दिवसातून दोनदा किंवा तीनदा. आठवड्यानं पुढचा व्यायाम : एक गुडघा वाकवून ठेवायचा, दुसरा पाय सरळ ठेवून फूटभर उचलायचा, ५ सेकंद धरून हळू खाली आणायचा. श्वास रोखायचा नाही. हे सहज जमायला लागलं की घोट्याला अर्धा किलो वाळूची पिशवी बांधा. त्यानंतर खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठणं-बसणं, ८ ते १० वेळा.

बिघडतं ते इथे : तिसऱ्या दिवशी मांडी दुखते आणि व्यायाम सुटतो. मांडीचा स्नायू ठणकणं चालेल. गुडघ्यातली कळ दुसऱ्या दिवसापर्यंत टिकली किंवा सूज आली, तर संख्या निम्मी करा, पण बंद करू नका. फरक कळायला ६ ते ८ आठवडे लागतात, आणि बहुतेक जण त्याआधीच थांबतात.

वजनाचा हिशेब सोपा आहे. एक किलो कमी झालं, तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी घटतो. म्हणून ५ किलो उतरवणं हे खरं औषध आहे. भाजी निवडणं, भांडी घासणं ओट्यावर उभं राहून किंवा खुर्चीवर बसून करू द्या. भारतीय संडासावर ठेवायची कमोड खुर्ची आणा. काठी जो गुडघा जास्त दुखतो त्याच्या विरुद्ध हातात धरायची. पुष्कळ लोक ती दुखऱ्या बाजूलाच धरतात आणि मग 'काठीचा काही उपयोग नाही' म्हणतात. हात सैल सोडला की काठीची मूठ मनगटाच्या घडीपाशी आली पाहिजे. टोकाचं रबरी बूच झिजलं की लगेच बदला.

औषधात आधी डायक्लोफिनॅक जेल, दिवसातून ३-४ वेळा. गोळीपेक्षा ते पोटाला आणि मूत्रपिंडाला पुष्कळ सौम्य आहे. गोळी घ्यायचीच झाली तर पाकिटामागचा मजकूर वाचा. सांधेदुखीच्या अनेक गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच मिसळलेलं असतं. वर तापाची गोळी घेतली की दिवसाची मर्यादा नकळत ओलांडली जाते. वंगणाच्या इंजेक्शनावर आम्ही पैसे घालवायला सांगणार नाही. खर्चाच्या मानानं त्याचा फायदा फार थोडा दिसून आला आहे. 'वाटी बदलणं', म्हणजे कृत्रिम सांधा बसवणं, वाईट नाही, पण तो निर्णय एक्स-रेवरून होत नाही. तीन-चार महिने नीट व्यायाम करूनही रात्रीची झोप मोडत असेल, घरातल्या घरात चालणं अवघड झालं असेल, तेव्हा त्याचा विचार करा. रुग्णालयाचं बिल मात्र सुटं सुटं लिहून मागा. कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर ऑगस्ट २०१७ पासून सरकारी मर्यादा आहे. त्या वेळी नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियम सांध्याची कमाल किंमत कर वगळून ५४,७२० रुपये ठरली होती.

प्रश्न : सोसायटीत हाडांची मोफत तपासणी झाली. आईनं (वय ६२) टाच यंत्रात ठेवली, कागदावर 'टी-स्कोअर उणे २.७' आला. लगेच कॅल्शियमचे सहा डबे विकत दिले. दोन वर्षांपूर्वी ती अंगणात घसरली आणि मनगट मोडलं होतं, ते प्लास्टरनं बरं झालं. (ठाणे)

उत्तर : तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची ओळ शेवटची आहे. उभ्या उंचीवरून पडून पन्नाशीनंतर मनगट मोडणं हा ठिसूळ हाडांचा पहिला इशारा. प्लास्टर निघालं की प्रकरण मिटलं असं घरचेही समजतात आणि बऱ्याचदा डॉक्टरही. त्याच बाईचा पुढे मणका दबतो, मग खुबा मोडतो. खुबा मोडल्यावर वर्षभरात दगावणाऱ्यांचं प्रमाण निरनिराळ्या देशांत साधारण २० ते ३० टक्के आढळलं आहे. सांधे-हाडांनी कुणी मरत नाही म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. ज्या दिवशी मनगटाला प्लास्टर घातलं, त्याच दिवशी चिठ्ठीवर हाडांची घनता तपासायला लिहून द्यायला हवं होतं.

टाचेचं यंत्र ध्वनिलहरींवर चालतं. टी-स्कोअर म्हणजे तरुण, निरोगी माणसाच्या तुलनेत हाडांची घनता किती कमी आहे हे सांगणारा आकडा. त्यातली उणे २.५ ही रेषा टाचेच्या यंत्रासाठी आखलेली नाही. ती खुबा आणि कंबरेच्या मणक्यांच्या डेक्सा, म्हणजे क्ष-किरणांनी घनता मोजणाऱ्या तपासणीसाठी आहे. डेक्सात उणे १ किंवा त्यावर म्हणजे ठीक, उणे १ ते उणे २.५ म्हणजे घनता घटलेली, उणे २.५ किंवा त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, ठिसूळ हाडं. तपासणी १०-१५ मिनिटांची, किरणोत्सर्ग अगदी थोडा. पुन्हा करायची ती वर्ष-दोन वर्षांनी आणि त्याच यंत्रावर, नाहीतर तुलना खोटी ठरते. सोबत रक्तातलं कॅल्शियम, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कळण्यासाठी), ड जीवनसत्त्व आणि थायरॉइड तपासून घ्या.

डबे उघडण्याआधी ताट मोजा. पाळी गेलेल्या बाईला दिवसाला १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. दोन पेले दूध (४०० मिली) सुमारे ४८०. ५०-५० ग्रॅम पिठाच्या नाचणीच्या दोन भाकऱ्या साधारण ३५०. वाटीभर दही दीडशेच्या आसपास. दोन चमचे तिळाची चटणी ७०-८०. हजारच्या वर गेलं. पालकातलं कॅल्शियम मात्र फारसं अंगी लागत नाही. कमी पडेल तेवढीच गोळी. पाकिटावर 'कॅल्शियम कार्बोनेट १,२५० मिग्रॅ' असलं, तर खरं कॅल्शियम ५०० असतं. ती जेवणासोबत घ्यायची. थायरॉइडच्या गोळीपासून चार तास लांब आणि लोहाच्या गोळीसोबत नाही.

आईंचं हाड आधीच मोडलेलं आहे, त्यामुळे नुसत्या कॅल्शियमवर भागणार नाही. हाडांची झीज थांबवणारं औषध लागेल. बहुतेकदा ॲलेंड्रोनेट ७० मिग्रॅ, आठवड्यातून एकदा. ते पोटात जातं की वाया, हे घेण्याच्या पद्धतीवर ठरतं. सकाळी उठल्यावर उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्यासोबत. चहा, दूध चालत नाही. नंतर निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही आणि काही खायचं नाही. घोटभर पाण्यानं घेऊन पुन्हा झोपलं, तर गोळी अन्ननलिकेत अडकून तिथे जखम होते. सहा महिन्यांनी घ्यायचं डेनोसुमॅबचं इंजेक्शन सुरू केलं, तर तारीख चुकवू नका. ते मध्येच सोडलं की मणके एकामागून एक दबण्याचा धोका असतो.

आणि आजच करायचं काम : बाथरूमला पकडायला दांडी, रात्री संडासच्या वाटेवर दिवा, दारातली सरकणारी पायपुसणी बाहेर.

प्रश्न : ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी दर रविवारी घेतो. दीड वर्ष झालं. चालू ठेवू का? (कोल्हापूर)

उत्तर : आज थांबवा. कमतरता असताना ही पुडी सहसा आठवड्याला एक अशी ८ आठवडे देतात, त्यानंतर महिन्याला एक. चिठ्ठीवर 'किती आठवडे' हे न वाचल्यानं वर्षानुवर्षं घेणारे पुष्कळ आहेत. जादा झालं की रक्तात कॅल्शियम वाढतं : मळमळ, बद्धकोष्ठ, सारखी लघवी, तहान, मुतखडा. रक्तातलं कॅल्शियम, क्रिएटिनिन आणि ड जीवनसत्त्वाची पातळी या आठवड्यात तपासून घ्या.

प्रश्न : वय ३४, टेम्पो चालवतो. कंबरदुखी दोन महिने. एमआरआयमध्ये 'एल४-एल५ डिस्क बल्ज'. सगळे म्हणतात मणक्यात गॅप आहे, ऑपरेशन लागेल. (सांगली)

उत्तर : कंबर अजिबात न दुखणाऱ्या ३,११० लोकांच्या स्कॅनचे अहवाल २०१५ साली एकत्र तपासले गेले. विशीतल्या ३० टक्क्यांमध्ये बल्ज, म्हणजे मणक्यांमधली गादी बाहेर फुगलेली, होता, पन्नाशीतल्या ६० टक्क्यांमध्ये. म्हणजे तुमच्या अहवालातलं वाक्य हे दुखण्याचं कारण असेलच असं नाही. पायात कळ उतरत असली तरी बहुतेकांना सहा ते बारा आठवड्यांत ऑपरेशनाशिवाय उतार पडतो.

पलंगावर पडून राहू नका. एक-दोन दिवसांपलीकडे विश्रांतीनं स्नायू आणखी दुबळे होतात. पट्टा फक्त माल चढवताना, तोही काही आठवडे. सीट अशी लावा की क्लच पूर्ण दाबताना कंबर सीटच्या पाठीपासून सुटणार नाही. मागच्या खिशातलं पाकीट काढा. दर तासा-दीड तासानं उतरून पाच मिनिटं चाला. लांबचा पल्ला मारून आल्याबरोबर लगेच पोती उचलू नका, दहा मिनिटं चालून मग हात लावा. रोज २०-३० मिनिटं चालणं, सेतुबंधासन आणि मार्जारासन प्रत्येकी १० वेळा.

मात्र लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, बसायची जागा बधिर झाली, पाऊल लुळं पडायला लागलं, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा. संध्याकाळचा ताप, घटतं वजन आणि रात्री वाढणारी पाठदुखी असेल तर मणक्याचा क्षय तपासायलाच हवा.

प्रश्न : बहीण ३८ वर्षांची. चार महिने बोटं सुजतात, सकाळी पोळ्या लाटता येत नाहीत. 'वाताची तपासणी' झाली, यूरिक ॲसिड आणि एएसओ नॉर्मल. एका वैदूच्या पुड्यांनी दोन दिवसांत पूर्ण आराम पडला. चेहराही भरलाय. (परभणी)

उत्तर : दोन दिवसांत आराम आणि भरलेला चेहरा, या दोन खुणा मिळून पुडीत स्टेरॉइड असल्याचा दाट संशय येतो. पुड्या एकदम बंद करू नका. शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनणं थांबलेलं असतं. अचानक तोडलं तर उलट्या होऊन आणि बीपी कोसळून जीव धोक्यात येऊ शकतो. उरलेल्या पुड्या घेऊन डॉक्टरांकडे जा, ते मात्रा पायरीपायरीनं उतरवतील. शुगर आणि बीपी त्याच दिवशी पाहा.

बहिणीची लक्षणं आमवाताची, म्हणजे ऱ्हुमटॉइड संधिवाताची दिसतात, आणि झालेल्या तपासण्या त्या आजाराच्या नव्हेत. ईएसआर, सीआरपी, आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या रक्ताच्या तपासण्या लागतात, आणि आरए फॅक्टर निगेटिव्ह आला तरी आमवात नाही असं ठरत नाही. दोन्ही हातांचे छोटे सांधे, सकाळचा आखडलेपणा, सहा आठवड्यांहून जास्त काळ : हे चित्र आमवाताचं आहे. पहिल्या काही महिन्यांत औषध सुरू झालं तर बोटं वाकडी होणं बहुतेकदा टळतं.

बहुधा मेथोट्रेक्झेट देतील. ही गोळी आठवड्यातून एकदाच असते. चुकून रोज घेतल्यानं तोंड सोलून, रक्तपेशी घटून माणसं दगावली आहेत. 'बुधवार' असा वार पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहा, आणि फॉलिक ॲसिडची गोळी दुसऱ्या वारी. परिणाम दिसायला ६ ते १२ आठवडे लागतात, म्हणून महिन्याभरात सोडू नका. सुरुवातीला दर महिन्याला रक्तपेशी आणि यकृताची तपासणी, पुढे तीन महिन्यांनी. मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांना सांगा. गोळी काही महिने आधी थांबवावी लागते. सूज येण्यापूर्वी अंगभर पुरळ आणि जोराचा ताप येऊन गेला असेल तर तेही सांगा. चिकुनगुनियानंतरही बोटं महिनोन्‌महिने अशीच सुजतात, आणि तेव्हा उपचाराचा मार्ग वेगळा असतो.