वाचकांचे प्रश्न: एन४ वर जपानला जाऊ का?

प्रश्न: ताई, मी बीएला जपानी शिकतेय, दुसरं वर्ष आहे, जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन४ ही खालून दुसरी लेव्हल पास झालेय. आमच्या युनिव्हर्सिटीचा जपानमधल्या एका युनिव्हर्सिटीशी करार आहे, सप्टेंबरमध्ये एक्स्चेंजला जायचा चान्स आहे, एक सेमिस्टर किंवा पूर्ण वर्ष. घरचे म्हणतात आधी त्याच्या वरची एन३ कर मग बघू. मलाही भीती वाटते की तिकडे काहीच कळलं नाही तर? काय करू?

उत्तर: जा गं. एन३ साठी थांबू नकोस. जेएलपीटीत बोलायची परीक्षाच नसते, हाताने लिहायचंही नसतं, नुसते पर्याय निवडायचे, त्यामुळे एन३ झालं म्हणून तिकडे गेल्यावर तोंड उघडेलच असं काही नाही. फक्त एवढं बघ की काही युनिव्हर्सिटी एक्स्चेंजसाठीच एन३ किंवा एन२ मागतात, तुमच्या करारात तशी अट नसेल तर प्रश्न मिटला.

सुरुवातीला कळणार नाही हे मात्र खरंय. कोनबिनीत, म्हणजे तिकडच्या छोट्या दुकानात, जेवणाचा डबा घेऊन काउंटरला गेलीस की समोरचा एका दमात विचारतो, ओबेंतो आतातामेमासुका म्हणजे गरम करून देऊ का, मग पिशवी हवी का, पॉइंट कार्ड आहे का, आणि यातला जवळजवळ प्रत्येक शब्द तुला येत असतो पण त्या स्पीडने कधी ऐकलेला नसतो. त्यात वर्गात आपण देस-मासची, म्हणजे आदराची रूपं शिकलेलो आणि तिकडची मुलं आपसात साध्या रूपात बोलतात, तेही अर्धी वाक्यं गिळून. याची सवय पुस्तकातून होत नाही, तिथे राहूनच होते, म्हणून तर जायचं ना!

गेल्यावर प्लेसमेंट टेस्ट असते. खालच्या लेव्हलला टाकलं तर अजिबात मनाला लावून घेऊ नकोस. चीन, तैवानहून आलेली मुलं कांजी, म्हणजे जपानीतली चिनी अक्षरं, भराभर वाचतात, वाचनाच्या तासाला आपली दमछाक होते, रोजच्या वापराच्या कांजीच २,१३६ आहेत. पण क्रियापद शेवटी, प्रत्यय नामाच्या नंतर, ही रचना आपल्याला घरचीच आहे, बोलताना वाक्य उलटं फिरवावं लागत नाही. तिथे तू पुढे असशील.

सेमिस्टर की वर्ष, तर जमत असेल तर वर्षच घे. एकाच सेमिस्टरला गेलीस तर सप्टेंबरच्या शेवटी क्लास सुरू होतात, जानेवारी संपता संपता परीक्षा, नंतर फेब्रुवारी-मार्च जवळजवळ पूर्ण सुट्टी, म्हणजे जेमतेम चार महिने शिकून, कान जरा कुठे तयार होतोय तोच परत यायचं. आणि तिकडचं शैक्षणिक वर्ष सुरू होतं एप्रिलमध्ये, तेव्हा सगळे सर्कल, म्हणजे मुलांचे छंदाचे आणि खेळाचे ग्रुप, नवीन मेंबर शोधत असतात. शरद ऋतूत गेलेल्यांना कोणी बोलवायला येत नाही, आपणच जाऊन विचारावं लागतं, पण विचारलं तर बहुतेक जण घेतात.

हे सर्कलचं मी मुद्दाम सांगतेय. एक्स्चेंजची मुलं बरेचदा एकाच हॉस्टेलवर असतात, सगळी मनाने चांगली, सगळी घरापासून लांब, आणि गप्पा सगळ्या इंग्लिशमध्ये. वर्ष मजेत जातं पण जपानी आहे तिथेच राहतं, मी हे बघितलंय आणि फार वाईट वाटतं. आठवड्यातून दोन संध्याकाळी तरी अशा ठिकाणी घालव जिथे जपानीशिवाय पर्याय नाही. चहाचा ग्रुप असो, बॅडमिंटन असो, काहीही.

प्रश्न: माझा मुलगा एक्स्चेंजवर जपानला चाललाय. पार्टटाइम जॉब करून खर्च भागेल असं तो म्हणतो. खरं आहे का? आजारी पडला तर काय?

उत्तर: पूर्ण भरवसा जॉबवर ठेवू नका. स्टुडंट व्हिसावर वेगळी परवानगी काढून आठवड्याला २८ तासच काम करता येतं, लांब सुट्टीत दिवसाला ८ तास. परवानगीचा अर्ज पहिल्यांदा उतरल्यावर विमानतळावरच देता येतो, तो द्यायला सांगा. पण जपानी कच्चं असताना काम लगेच मिळेलच असं नाही, म्हणून सुरुवातीच्या काही महिन्यांचे पैसे हातात हवेतच. करार असेल तर तिकडची फी सहसा माफ असते, आपल्याच कॉलेजची भरायची. जास्सोची, म्हणजे जपानच्या सरकारी विद्यार्थी-मदत संस्थेची, महिन्याला ८०,००० येनची स्कॉलरशिप आहे, पण ती थेट मागता येत नाही, तिकडच्या युनिव्हर्सिटीने नाव पाठवावं लागतं, तेव्हा त्यांच्या ऑफिसला आत्ताच मेल करायला सांगा.

आजारपणाचं टेन्शन घेऊ नका. राहायची जागा ठरली की १४ दिवसांत वॉर्ड ऑफिसात पत्ता नोंदवायचा असतो, तिथेच सरकारी आरोग्य विम्यातही नाव घालायचं, मग डॉक्टरच्या बिलाचे साधारण ३० टक्केच भरावे लागतात. मुलगा २० पूर्ण असेल तर सरकारी पेन्शन योजनेतही नाव लागतं आणि महिन्याच्या हप्त्याची चिठ्ठी घरी येते, म्हणून वॉर्ड ऑफिसला गेल्यावर त्याच दिवशी हप्ता माफीचा अर्ज कसा करायचा ते विचारून घ्यायला सांगा.