अंगदाचा आकडा

‘मदत मागायची म्हणजे आपण कमी पडलो हे कबूल करायचे,’ हे वाक्य मी समोरच्या खुर्चीतून इतक्या वेळा ऐकले आहे की, हल्ली ते येण्याआधीच त्याची चाहूल लागते. माणूस तक्रार सांगतो ती झोपेची, चिडचिडीची किंवा पाठदुखीची, आणि बोलता बोलता सहज म्हणून जातो, “तसं सगळं मीच बघते.” तिथे मी लेखणी खाली ठेवते.

ज्या बाईंविषयी लिहीत आहे, त्यांची ओळख पटेल असे तपशील बदललेले आहेत. वय चाळिशीच्या आसपास, जबाबदारीची नोकरी, अंथरुणाला खिळलेले वडील आणि सात वर्षांची मुलगी. रात्री वडिलांना दोनदा कूस बदलून द्यावी लागे, तेही त्याच करत. पाठचा भाऊ जवळच राहत होता. परंतु त्याला काही सांगावे असे त्यांना कधी वाटले नव्हते. पहिल्या काही भेटींत मी भावाचा विषय काढला की त्या सौजन्याने तो बाजूला ठेवत आणि मला झोपेच्या गोळ्यांविषयी विचारत.

माझा कल गोष्टींकडे आहे, हे मी लपवत नाही. माणूस कोणती गोष्ट सांगतो आणि तिच्यातले काय गाळतो, यावरून मला जे कळते ते प्रश्नावली भरून घेऊन क्वचितच कळले आहे. म्हणून मुलीला रोज रात्री गोष्ट सांगते, असे त्या म्हणाल्या तेव्हा मी विचारले, “काल कुठली सांगितलीत?”

“मारुतीच्या उड्डाणाची. अर्ध्यावर मलाच झोप लागली.” मग किंचित हसून म्हणाल्या, “तो बघा, एकटा गेला आणि काम करून आला.”

“उडी मारण्याआधी किनाऱ्यावर काय झालं होतं?”

त्यांना ते आठवेना, म्हणून मी सांगितले. वाल्मीकींच्या किष्किंधाकांडाच्या शेवटी वानर समुद्राकाठी हताश होऊन बसलेले आहेत. पलीकडचा किनारा 100 योजने दूर आहे. अंगद प्रत्येकाला विचारतो की, तुझी झेप किती? गज म्हणतो 10 योजने, गवाक्ष म्हणतो 20. असे करत आकडा वाढत जातो. वृद्ध जांबवान म्हणतो, आता वय झाले, 90 पर्यंत जाईन. स्वतः अंगद म्हणतो, 100 योजने जाईन; परंतु परत येण्याइतके बळ उरेल की नाही, याची खात्री नाही. आणि ज्याला हे सहज शक्य आहे तो हनुमान एका बाजूला गप्प बसलेला असतो. त्याला त्याच्या सामर्थ्याची आठवण जांबवानच करून देतो.

माझे सारे लक्ष जांबवानावर होते. सोबती आपल्याला आपले बळ आठवून देतो, हे मला त्यांच्यापर्यंत पोहोचवायचे होते आणि त्यासाठी मी वाक्यही जुळवून ठेवले होते. ते बोलण्याची वेळ आली नाही. बराच वेळ त्या पदराचे टोक बोटाला गुंडाळत राहिल्या आणि मग म्हणाल्या, “मॅडम, मी अंगद आहे. जाते मी, रोज जाते. परत येता येत नाही.”

इतकी वर्षे ही कथा सांगत असूनही अंगदाकडे मी असे पाहिले नव्हते. त्या किनाऱ्यावरची खरी धिटाई मला त्या दिवशी दिसली: कोणीही आपला आकडा फुगवून सांगत नाही, आणि 10 म्हणणाऱ्याला कोणी हसतही नाही. मदत मागणे हे पुढचे पाऊल झाले. त्याआधी आपली झेप कुठवर आहे, हे चारचौघांत उच्चारावे लागते. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांचे घोडे नेमके तिथेच अडलेले असते.

महाकाव्यांतले नायक काही आनंदाने मदत घेत नाहीत. होमरच्या ‘ओडिसी’त वादळात सापडलेल्या ओडिसियसला एक सागरदेवता आपले वस्त्र देते आणि तराफा सोडून ते छातीशी बांधायला सांगते. त्याला यात कपटाचा वास येतो आणि फळ्या शाबूत आहेत तोवर तो तराफ्यावरच बसून राहतो. लाटेने त्या विखुरल्यावरच वस्त्र बांधतो. पुढे पोहून किनारा तो स्वतःच गाठतो, हेही विसरू नये. ग्रिम बंधूंच्या राणी मधमाशीच्या परीकथेत मुंग्या मोती वेचून देतात, बदके तळ्यातून किल्ली काढतात, मधमाशी सर्वांत धाकटी राजकन्या ओळखून देते. धाकट्या भावाने आधी त्या सगळ्यांचा जीव वाचवलेला असतो. ‘माझ्यासाठी कोण येणार?’ असे विचारणाऱ्यांना मी ही कथा सांगते. कारण आपण कोणाकोणासाठी धावलो होतो, हे तेच विसरलेले असतात.

बाईंनी भावाला फोन केला. तो “बघतो” म्हणाला आणि तीन आठवडे त्याने काहीच पाहिले नाही. “म्हणूनच मी मागत नव्हते,” असे त्या रागाने म्हणाल्या, तेव्हा मी सुग्रीव पुढे केला. अग्नीच्या साक्षीने वचन दिलेला हा मित्र, राज्य मिळाल्यावर पावसाळा सरला तरी सुखात रमून राहिला. लक्ष्मण संतापून दाराशी आला तेव्हा कुठे रामाचे काम मार्गी लागले. सोबत्याला दुसऱ्यांदा सांगावे लागणे हा मैत्रीतला नेहमीचा भाग आहे. तेवढ्यावरून सोबती खोटा ठरत नाही. मात्र दुसऱ्या वेळी ‘जरा लक्ष दे’ असे मोघम सांगू नये. वार आणि वेळ सांगावी.

त्या भावाच्या घरी गेल्या, मुलीलाही सोबत नेले. किनाऱ्याची गोष्ट आता मुलीला पाठ झाली होती, तिनेच मामाला विचारले, “तुझी झेप किती?” मामा ओशाळून म्हणाला, “माझे वीस धर.” वीस म्हणजे शनिवार आणि रविवारची रात्र, असे ठरले.

पहिल्या शनिवारी सवयीने दोन वाजता त्यांना जाग आली. पलीकडच्या खोलीतून भावाचा आवाज येत होता. त्या उठून दारापर्यंत गेल्या, थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि परत येऊन मुलीशेजारी झोपल्या.