कर्नाटकाचं आयुष्मान कार्ड कोल्हापुरात चालेल का?

तुम्ही निपाणीजवळच्या खेड्यात राहता. आईच्या हृदयाची झडप बदलायची आहे, मामा कोल्हापुरात असतात म्हणून ऑपरेशन तिकडेच करावं असं घरात चाललंय. कर्नाटकाचं कार्ड तिथे चालेल का, आणि देश एक असताना असा प्रश्न यावाच का, असं तुम्ही विचारलंय. दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच आहे.

राज्यघटनेत सार्वजनिक आरोग्य आणि दवाखाने हा राज्यांचा विषय आहे. गावातलं उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, तालुक्याचा सरकारी दवाखाना, बेळगावचं जिल्हा रुग्णालय, हे सगळं बेंगळुरू चालवतं. दिल्ली पैसा देते आणि चौकट घालते. डॉक्टर कोणाला म्हणायचं हे मात्र देशभर एकच मंडळ ठरवतं: २०२० पासून राष्ट्रीय वैद्यकीय आयोग. म्हणून डॉक्टरची पदवी सीमेपलीकडे जशीच्या तशी चालते, पण तुमच्या उपचाराचे पैसे कोण भरणार हे तुमच्या रेशन कार्डावर अवलंबून असतं.

आयुष्मान भारत ही केंद्राची मोफत उपचाराची योजना २३ सप्टेंबर २०१८ ला सुरू झाली. कर्नाटकाची 'आरोग्य कर्नाटक' योजना त्याच वर्षी मार्चमध्ये आली होती, नंतर दोन्ही एकत्र झाल्या. बीपीएल कार्ड असेल तर कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचा उपचार. एपीएल असेल तर सरकार ठरलेल्या दराच्या ३० टक्केच देतं, तेही कुटुंबामागे वर्षाला दीड लाखापर्यंत, बाकीचं घरातून भरायचं. मध्ये विमा कंपनी नाही. सुवर्ण आरोग्य सुरक्षा ट्रस्ट हा सरकारी ट्रस्टच दवाखान्याचं बिल भागवतो. केंद्राच्या यादीतल्या कुटुंबांचा खर्च केंद्र आणि राज्य ६०:४० वाटून घेतात. यादीबाहेरच्या गरीब कुटुंबांचा भार राज्य उचलतं.

तुमची गाठ इथेच आहे. केंद्राच्या यादीत नाव असेल तर ते कार्ड देशभरातल्या योजनेतल्या दवाखान्यात चालतं, कोल्हापुरातही. फक्त राज्याच्या यादीत असाल तर ते गृहीत धरू नका. १४५५५ ला फोन करून कार्ड नंबर सांगा आणि नेमकं हेच विचारा. महाराष्ट्राने २०२३ मध्ये महात्मा फुले जन आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचं ठरवलं होतं. त्यावर कर्नाटक सरकारने आक्षेप घेतला आणि वाद झाला. हे वाचून आपल्या माणसांच्या मनात आशा येते, माझ्याही येते. पण आजारी माणसाला घेऊन निघताना त्या भरवशावर निघू नका.

माझं ऐका, आधी बेळगावातच चौकशी करा. आमच्याकडून झालेली चूक सांगतो. आम्ही खानापूर तालुक्यातले. बाबांना मुतखड्याचा त्रास होता, आम्ही थेट एका खाजगी दवाखान्यात गेलो. तिथल्या आरोग्यमित्र बाईंनी, म्हणजे दवाखान्यात बसून योजनेचे कागद बघणाऱ्या बाईंनी, पहिला प्रश्न केला, "सरकारी दवाखान्याची चिठ्ठी?" आमच्याकडे नव्हती. नियम असा आहे की आधी सरकारी दवाखान्यात दाखवायचं. तिथे सोय नसेल तर ते रेफरलची चिठ्ठी देतात आणि मग योजनेतला खाजगी दवाखाना तुम्हाला दाखल करतो. जिवावर बेतलेल्या तातडीच्या प्रसंगी चिठ्ठी लागत नाही, पण ठरवून करायच्या ऑपरेशनला लागतेच. आम्ही चिठ्ठी आणली. मग त्या बाईंनी दोन्ही कार्डं शेजारी ठेवली, कन्नड अक्षरांवरून बोट फिरवलं आणि बोट थांबलं. आधारवर ज्योतिबा, रेशन कार्डावर जोतिबा. आपली नावं मराठीतून कन्नडात आणि तिथून इंग्रजीत जाताना एखादं अक्षर गळतं, आणि संगणक तो माणूस दुसरा आहे असं समजतो. त्या दुरुस्तीत चार दिवस गेले. बाबा तेवढे दिवस कळा सोसत बाकावर बसायचे. ते आठवलं की आजही जीव कळवळतो.

देखरेखीचं बोलायचं तर खाजगी दवाखान्यांसाठी केंद्राचा २०१० चा कायदा आहे, पण कर्नाटक आणि महाराष्ट्र दोघांनीही तो स्वीकारलेला नाही. इकडे २००७ चा कर्नाटकाचा स्वतःचा कायदा चालतो. त्याप्रमाणे दर लावलेले दिसले पाहिजेत, आणि तक्रारीसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समिती असते. योजनेतल्या उपचाराचे वरचे पैसे कोणी मागितले तर पावती मागा आणि लेखी तक्रार करा. तक्रार कन्नडात लिहून द्यावी लागली तर गावातल्या शाळेचे गुरुजी मदत करतात, आम्हाला केली.

एवढ्या योजना असूनही २०२१-२२ मध्ये देशातल्या एकूण आरोग्य खर्चापैकी ३९.४ टक्के लोकांनी स्वतःच्या खिशातून भरले. औषधं, तपासण्या, दवाखान्यात न राहता घेतलेले उपचार, हे कार्डात बहुतेक येत नाही. झडप बदलल्यावर आईला रक्त पातळ करणारी गोळी आणि रक्ताची तपासणी बराच काळ चालू ठेवावी लागेल. त्याचा हिशेब आतापासून वेगळा धरा, आणि ती तपासणी जवळच्या सरकारी दवाखान्यात होते का तेही विचारून ठेवा.

आज घरी गेलात की आईचं आधार आणि रेशन कार्ड शेजारी ठेवा. नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, जन्मवर्ष, सगळं अक्षर-अक्षर जुळवून बघा. जुळत नसेल तर तारीख घेण्याआधी दुरुस्तीला द्या.